कागदाची पट्टी

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू विचारलंस, आई, तुझा आवाज असा का येतोय, आणि मी घसा बसलाय म्हणून वेळ मारून नेली. घशाला काही झालेलं नाही. बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते, एवढंच. हल्ली ते दिवसभर माझ्या आसपास असतात, कारण मीच त्यांना नजरेआड होऊ देत नाही, आणि मला तुला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर तोंडातून निघत नाही. आत्ता ते खाली बागेतल्या बाकावर ऊन खात बसलेत. मी खुर्ची खिडकीपाशी ओढून घेतली आहे, इथून त्यांची करडी टोपी दिसते. टोपी बाकावर आहे तोवर लिहीन.

तू म्हणशील, आईला पत्र लिहायची कुठली हुक्की आली. तू हॉस्टेलला होतीस तेव्हा लिहायचे, त्यानंतर हे पहिलंच. तेव्हाची आपली पद्धत तुला आठवत असेल. मी चार-चार पानं भरायची, त्यात निम्म्या तुझ्या आत्याच्या तक्रारी, आणि पाकीट न चिकटवता बाबांच्या टेबलावर ठेवून द्यायची. ते आधी सगळं पत्र वाचायचे, मग मी खाली सोडलेल्या जागेत दोन ओळी लिहायचे, मग पाकिटाची कडा नखाने अशी दाबायचे की जणू पत्र्याचा सांधाच बसवताहेत, आणि चपला घालून टाकून यायचे. दोन ओळी कायम त्याच. खिडकी उघडी ठेवून झोप. खोलीत हवा खेळती राहू दे. तू एकदा सुट्टीत आलीस तेव्हा विचारलं होतंस, बाबांना दुसरं काही सुचत नाही का. मी म्हटलं होतं, ज्या माणसाचा जन्म हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट बनवण्यात गेला तो दुसरं काय लिहिणार.

इकडची हालहवाल अशी की स्वयंपाकघर उघडंबोडकं पडलं आहे. वरची सगळी कपाटं उतरवून हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवली आहेत, छताच्या कोपऱ्यात हात जाईल एवढं भगदाड आहे आणि घर गरम करणाऱ्या बॉयलरला गॅस कंपनीने वापरू नका अशी लाल चिठ्ठी बांधून ठेवली आहे. तू दिलेल्या विजेच्या शेगडीवर मी हॉलमध्येच भात टाकते. अंघोळीचं पाणीही तिच्यावरच, पातेल्याने. थंडी आहे, पण दोन खिडक्या उघड्याच असतात. बाबा म्हणतात, अगं, बॉयलर बंद आहे, आता कसली भीती, लाव त्या खिडक्या. मी लावत नाही. तू पाठवलेली ती विषारी गॅसचा इशारा देणारी दोन यंत्रं, एक मागच्या खोलीत आणि एक आमच्या उशाशी, त्यांचं तपासणीचं बटण मी दिवसातून चार वेळा दाबते. ती किंचाळली की बरं वाटतं, निदान जागी आहेत.

पूर्वी मला कशाकशाची भीती वाटायची ते आठवलं की हसू येतं. झुरळ, लिफ्ट आणि तुझ्या आत्याचा फोन. आता मला घरातल्या हवेची भीती वाटते. तिला वास नव्हता, धूर नव्हता, डोळ्यांना पाणी येत नव्हतं. नुसती हवाच होती ती, आणि आम्ही तीन महिने ती आत ओढत होतो.

आणि दुसरी भीती म्हणजे बाबांची. तुला मी म्हटलं की इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता सगळं ठीक आहे. त्या तेवढंच म्हणाल्या नाहीत. रक्तात भिनलेला बॉयलरचा विषारी गॅस ऑक्सिजन लावून निघून गेला, डोकंही बरंच लखलखीत झालं, ते तू स्वतः पाहिलंस. पण अशा विषाचं काही वेळा असं होतं म्हणे की माणूस बरा होतो, महिना-दीड महिना चांगला राहतो आणि मग पुन्हा ढासळतो. सगळ्यांचं होत नाही. कोणाचं होईल ते सांगता येत नाही. सहा आठवडे लक्ष ठेवा म्हणाल्या. आज अकरावा दिवस आहे. काल त्यांना पाना हवा होता तर म्हणाले, ते, ते हे दे जरा, आणि बोटं हवेत फिरवत राहिले. तेवढ्यात म्हणाले, पाना गं, बारा नंबरचा. आता तूच सांग, ते-हे म्हणत नाही असा कोण माणूस आहे जगात? मी स्वतः दिवसातून वीसदा म्हणते. पण त्यांच्या त्या दोन क्षणांत मी कुठल्या कुठे जाऊन आले.

टोपी आहे. पेपर उघडलाय.

आता पहिल्यापासून सांगते, कारण तुला मी फोनवर तुकड्या-तुकड्याने सांगितलं आणि मधला तुकडा गाळला.

माझ्या स्वयंपाकघराचं तुला माहीतच आहे. एकतीस वर्षं मी एका फळीवर संसार केला. तुझ्या बाबांनी दवाखान्यांत, नाट्यगृहांत, कारखान्यांत मैलोन् मैल डक्ट टाकले, लोकांच्या घरी हवा अशी फिरवली की लोक अजून नाव काढतात, आणि स्वतःच्या बायकोला कपाट द्यायचं म्हटलं की पुढच्या महिन्यात बघू. आपल्या बॉयलरचा धूर बाहेर नेणारा डक्टही त्यांनी हाताने केलेला. तुझा जन्म झाला त्या आठवड्यात, खोली गरम राहायला हवी म्हणून. बॉयलरपासून वर, मग छताला लागून आडवा, मागच्या खोलीच्या भिंतीतून पलीकडे आणि तिथून बाहेर. त्यावर लाकडाचं खोकं ठोकलेलं. एकतीस वर्षं त्या खोक्यावर तेलकट धूळ बसायची आणि मी स्टुलावर चढून ती पुसायची.

म्हणून जेव्हा नवीन कपाटं करायची ठरली तेव्हा मी त्यांना दहा दिवस तुझ्याकडे पाठवलं. तुला सांगितलं की धुळीचा त्रास होईल. धूळ कसली, त्यांनाच दूर ठेवायचं होतं मला. ते असते तर कंत्राटदाराच्या मागेमागे फिरून प्रत्येक स्क्रू त्यांनी उलटा काढून पाहिला असता आणि काम वर्षभर चाललं असतं. कंत्राटदाराचं नाव मी पहिल्या दिवशीच होऊनजाईल ठेवलं होतं. काहीही विचारा, म्हणायचा, होऊन जाईल ताई. टाइल्स उद्या येतील ना? होऊन जाईल. दार घासतंय. होऊन जाईल. हसरा माणूस, कामाला चोख, आपला डबा खाल्ला की स्वतः घासून ठेवायचा. मला आवडला होता तो.

बाबा परत आले तेव्हा स्वयंपाकघर आरशासारखं चकचकत होतं. छतापर्यंत कपाटं, पांढरी, एकसारखी. मी दाराशी उभी राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होते, की आता काहीतरी म्हणतील. त्यांनी आधी वर बघितलं आणि विचारलं, खोकं कुठे गेलं? मी म्हटलं, आत गेलं कपाटांच्या मागे, छान दिसतं ना? ते म्हणाले, छान आहे. मग बोटाच्या पेराने त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर टकटक केलं आणि कान लावला. मला एवढा राग आला की मी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि त्यांना बाहेर घालवलं.

मग थंडी पडली आणि बॉयलर दिवसभर चालू राहायला लागला. मी सकाळी दवाखान्यात जायची, दात दुखणाऱ्यांना वेळा देत दुपारपर्यंत तिथे बसायची. बाबा घरी, मागच्या खोलीत, त्यांच्या हत्यारांच्या टेबलाशी. त्यांचं डोकं दुखायला लागलं. मग मळमळ. मग विसरायला लागले. किल्ली हातात घेऊन किल्ली शोधायचे. एकदा मला तुझ्या नावाने हाक मारली, एकदा विचारलं की आपण कामावर कधी निघायचं. आणि ते टकटक सुरूच. कपाटांवर, मागच्या खोलीच्या भिंतीवर, जेवता जेवता उठून. त्यानंतर कागद. बुटांच्या खोक्यात पातळ कागद येतो ना, त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायचे आणि कपाटाच्या फटीशी, भिंतीच्या कोपऱ्याशी धरून बघत उभे राहायचे. पाच-पाच मिनिटं. काय करताय विचारलं तर तोंड उघडायचे, सांगायला लागायचे, हवा, असं म्हणायचे आणि पुढचं हरवायचं. मग माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच ते सांगायला हवं. मी त्यांच्या हातातून पट्टी काढून घ्यायची. घरभर त्या पट्ट्या सापडायच्या. मी त्या कचऱ्यात टाकायची.

तुला फोन करून रडले तो हाच काळ. तू त्यांना चार दिवस नेलंस, आणि तिसऱ्या दिवशी तुझा फोन आला की आई, बाबा तर अगदी नीट आहेत, त्यांनी माझ्या बाथरूमचा पंखा दुरुस्त केला, नातवाला पत्त्यांचे डाव शिकवले. मी तुला काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. चार दिवस पाहुण्यासारखं सगळेच चांगलं वागतात, रोज सांभाळायला लागलं असतं म्हणजे कळलं असतं. तू फोन ठेवलास आणि आठवडाभर केला नाहीस. ठकू, तू बरोबर होतीस. तुझ्या घरची हवा चांगली होती, एवढंच त्यामागे होतं, पण ते समजून घ्यायचं सोडून मी तुलाच खोटं ठरवलं.

त्यानंतर मी विसराळू माणसांच्या त्या डॉक्टरकडे त्यांना नेलं आणि तो फॉर्म भरला. तू अजून तो पाहिलेला नाहीस. त्यात एक प्रश्न होता, रुग्ण अर्थ नसलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा करतो का. मी खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, हो, भिंतींवर टकटक करतात, कागदाच्या पट्ट्या हवेत धरून उभे राहतात. त्या एका उत्तरावर डॉक्टरांनी खूण केली आणि ती देखभालीची जागा शोधायला सांगितली, जिथे तू आणि मी जाऊन खोली बघून आलो. हिरव्या पडद्यांची. बाबांना तिथे ठेवायची तारीखही ठरली होती, या सोमवारची. परवा गेला तो सोमवार, ठकू. सगळं तसंच चाललं असतं तर परवा आपण त्यांना तिथे सोडून आलो असतो, ते तिथे जाऊन दोन दिवसांत बरे झाले असते, आणि आपण म्हटलं असतं, बघा, जागा किती चांगली आहे.

तसं झालं नाही याचं कारण मला ताप आला. चार दिवस दवाखान्यात सुट्टी टाकून मी घरी पडले, बॉयलर चालू, खिडक्या बंद. ताप दुसऱ्या दिवशी उतरला पण डोक्यातला जडपणा उतरेना. दूध गॅसवर ठेवून मी त्याच्याकडे बघत उभी होते, ते वर आलं, सांडलं, आणि ते खाली करायचं असतं हे मला सुचेना. जेवायला बसलो तर चमच्याला काय म्हणतात ते आठवेना. हातात चमचा, आणि त्याचं नाव डोक्यात नाही. बाबा समोर बसून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, हा रोग लागट आहे, त्यांचा मला लागला. इतकी घाबरले की पायात चपला सरकवून जिना उतरून रस्त्यावर आले आणि नुसती चालत सुटले. भाजीवाल्यापर्यंत गेले, परत फिरले, पुन्हा गेले. तासाभराने मी चमचा, झाकण, कात्री, सगळ्यांची नावं घेत होते आणि डोकं धुतल्यासारखं स्वच्छ होतं. घराच्या पायऱ्या चढायला लागले आणि तिथेच थांबले. बाहेर बरं, आत वाईट. तुझ्याकडे बरे, इथे वाईट. एवढं सोपं होतं ते.

वर आले. बाबा मागच्या खोलीत टेबलावर डोकं ठेवून बसले होते. त्यांच्या हाताशी एक पट्टी पडली होती. मी ती उचलली आणि ते धरायचे तिथेच, कपाटाच्या वरच्या फटीशी, स्टुलावर चढून धरली. पट्टी माझ्याकडे वळली. तिथे वारा असायचं काही कारण नाही, ठकू. फटीतून काहीतरी सावकाश बाहेर येत होतं आणि कागद माझ्या तोंडाकडे ढकलत होतं. मी फटीशी बोटं नेली, तर कोमट, ओलसर, कोणाचा तरी श्वास लागावा तसं. त्यांना मला जे सांगायचं होतं आणि सापडत नव्हतं ते हे होतं. पट्ट्या धरून बघणं ही त्यांच्या धंद्यातली सगळ्यात जुनी तपासणी आहे. ते चाळीस वर्षं हेच करत आले. डोक्यातलं सगळं विझत चाललं होतं तरी हात आपलं काम करत होते, आणि मी तेच फॉर्मवर लिहून दिलं.

मग बॉयलर बंद करणं, खिडक्या, त्यांना बखोटीला धरून जिन्यात आणून बसवणं, गॅस कंपनी, रुग्णवाहिका, हे सगळं तुला माहीत आहे. गॅस कंपनीच्या माणसाने मागच्या खोलीत मीटर धरला आणि आकडा बघून तो स्वतःच आधी बाहेर आला, हे मात्र मी तुला सांगितलं नव्हतं.

टोपी दिसत नव्हती. उठून पाहिलं, चपलेचा बंद लावायला वाकले होते. माझं असंच चाललं आहे.

त्यानंतर चौथ्या दिवशी, बाबा इस्पितळातून घरी आल्यावर, होऊनजाईल आला. त्याला कपाटं उतरवायला गॅस कंपनीने बोलावलं होतं. कपाट बाजूला झालं आणि डक्ट दिसला. मधोमध चेपलेला, सांधा चार बोटं उघडा, आणि त्यावर रुपेरी चिकटपट्टी, उष्णतेने वाळून सुटलेली, लोंबत असलेली. बाबा स्टुलावर चढले. मी धरायला गेले तर नको म्हणाले. त्यांनी तो स्वतः घडी घातलेला सांधा हाताने चाचपला, एकतीस वर्षांपूर्वीचा. मग खाली उतरून होऊनजाईलला म्हणाले, कामात चूक होते, माझ्याही हातून झाल्या आहेत. पण तू हे बघितलंस, पट्टी लावलीस, वर फळी ठोकलीस आणि आम्हाला सांगितलं नाहीस. आवाज चढवला नाही त्यांनी. तो माणूस मान खाली घालून उभा होता. त्याने एकदाच वर पाहिलं, माझ्याकडे, आणि पुन्हा जमिनीकडे. म्हणाला, चुकलं साहेब.

तो माझ्याकडे का बघत होता ते सांगते. हाच तो गाळलेला तुकडा.

बाबा तुझ्याकडून परत यायला दोन दिवस राहिले होते. उंच कपाटं खोक्यामुळे बसेनात, म्हणून त्याने खोकं कापलं आणि पहारीने डक्ट भिंतीकडे रेटला. मी हॉलमध्ये होते. रिकामा डबा पायाखाली यावा तसा आवाज आला. त्याने मला हाक मारली, स्टुलावर चढवलं, टॉर्च मारून दाखवलं. सगळं दाखवलं, ठकू, काही लपवलं नाही. म्हणाला, ताई, हे माझं काम नाही, पत्र्याचा कारागीर बोलवावा लागेल, कपाटं थांबवू, आठ-दहा दिवस जातील. मी म्हटलं, चिकटपट्टीने भागणार नाही का? तो म्हणाला, मला नाही वाटत, साहेब येताहेत ना परवा, त्यांना विचारू या, त्यांचंच काम आहे हे. माझ्या डोळ्यांसमोर आलं की बाबा येतात, सगळं उघडतात, पत्रा आणतात, हॉलभर पसरतात, आणि माझं स्वयंपाकघर पुन्हा पुढच्या महिन्यात. मी म्हटलं, पट्टी लावा आणि फळी मारा. आणि साहेबांना सांगू नका. त्या दिवशी, ठकू, होऊन जाईल असं तो म्हणाला नाही. मी म्हणाले.

त्याने माझं ऐकायला नको होतं, आणि त्याचा जाब त्याने द्यावाच. पण मी सांगू नका म्हटलं होतं, आणि त्याने नाही सांगितलं. बाबांसमोर एवढं ऐकून घेतलं तरी नाही सांगितलं. रविवारी तू तक्रारीचे कागद घेऊन येणार आहेस, त्यात घरमालकांना अंधारात ठेवून असं लिहिलंय हे तू मला फोनवर वाचून दाखवलंस. त्या वाक्याखाली माझी सही हवी आहे. त्या माणसाचा परवाना जाईल. आणि मीही ती सही केली असती, तुला खोटं कशाला सांगू, गेल्या शनिवारपर्यंत माझं मन तयारही झालं होतं. पण बाबा रोज मला म्हणतात, तू ती पट्टी धरलीस म्हणून मी आहे. शेजारणीला सांगतात, डॉक्टरीणबाईंना सांगतात. काल भाजीवाल्याला सांगितलं. मला ते ऐकवत नाही.

टोपी उठली आहे. पेपर काखेत घातला आहे, आता वर येतील. त्यांना तोंडावर सांगायचा मी तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा भाजी काय करू असं विचारलं. म्हणून हे पत्र तुझ्या नावाने लिहिलं आहे, आणि न चिकटवता त्यांच्या टेबलावर ठेवणार आहे, जुन्या पद्धतीप्रमाणे. न वाचता त्यांनी माझं एकही पत्र कधी टाकलेलं नाही. खाली दोन ओळींची जागा सोडली आहे. तू हे वाचत असशील तेव्हा तिथे काय आहे ते तुझ्या डोळ्यांसमोर असेल, मला अजून माहीत नाही. काही लिहिलं असेल, कितीही वाईट लिहिलं असेल, तरी मला फोन करून वाचून दाखव. पण जागा कोरी असेल तर ते रागावले म्हणून कोरी आहे, की लिहायला बसले आणि शब्दच सापडले नाहीत म्हणून कोरी आहे, हे मला पत्रावरून कळणार नाही, आणि त्यांना विचारायची माझी छाती होणार नाही. तसं असेल तर रविवारची वाट बघू नकोस, लगेच ये, आणि त्यांना तू विचार. जिन्यात पावलं वाजताहेत.

तुझीच,
आई